बटाट्या कशापुढे बसला

१

ट्रक उलटला म्हणून कळलं, नाहीतर कुणाला पत्ताही लागला नसता. घाटातल्या तपासणी नाक्यावरून तो सकाळी सुटला आणि खालच्या मोठ्या वळणावर आडवा झाला. ताडपत्रीखालची पोती फुटली आणि रस्ताभर खवले पसरले. खवल्या मांजराचे खवले. तपकिरी, कडक, पायाखाली कुरकुर वाजणारे. एक पोतं भरायला किती जनावरं मारावी लागतात, याचा विचार मी करत नाही. केला की जेवण जात नाही.

ड्रायव्हरचा पाय मोडला. त्याच्या खिशात नाक्याची हिरवी चिठ्ठी सापडली. कुत्र्याने गाडी हुंगली, आक्षेपार्ह काही नाही, असा त्यावर शिक्का. म्हणजे गाडीभर खवले कुत्र्याच्या नाकासमोरून गेले होते आणि कुत्रा ढिम्म.

मी वन्यजीव खात्याच्या दक्षता विभागात आहे. शिकाऱ्यांच्या मागे लागणारे लोक वेगळे. मी आमच्याच लोकांच्या मागे लागते. कुठल्याही कार्यालयात मी शिरले की आधी गप्पा थांबतात, मग चहा येतो. आता मला त्याचं काही वाटत नाही. चहा मात्र चांगला असतो.

या कामाला मी तशी नालायकच होते. एक तर माझं नाक बारा महिने चोंदलेलं. घरात दूध उतू जाऊन करपलं तरी मला शेजारीण येऊन सांगते. दुसरं म्हणजे मला कुत्र्यांची भीती वाटते. पण साहेबांना दुसरं कुणी रिकामं दिसलं नाही. नाक्यावर थंडी फार म्हणून निघताना मोठ्या जावेचा स्वेटर मागून घेतला आणि गेले.

जीपमधून उतरले तर समोरच तो. मातकट, गोल, आखूड पायांचा, म्हणून त्याचं नाव बटाट्या. साखळी धरून त्याचा हँडलर उभा होता, तिशीतला, रात्रभर झोप न झालेल्या चेहऱ्याचा. बटाट्याने माझ्याभोवती एक फेरी मारली. मी श्वास रोखून उभी. मग तो माझ्या पुढ्यात आला, ताठ बसला आणि नाक माझ्या पोटाकडे रोखून हलेचना.

अंगणातले सगळे माझ्याकडे बघू लागले. मी विचारलं की हा असा का बसलाय. नाकाप्रमुख खाकरले आणि म्हणाले, “मॅडम, माल सापडला की तो असाच बसतो.”

२

नाकाप्रमुख मनुष्य पोट सुटलेला आणि बोलायला मोकळा. खोलीत जाऊन बसलो तर त्यांनी टाइप केलेला अहवालच पुढे सरकवला. कुत्र्याचं नाक गेलेलं आहे, हँडलरने ते लपवलं. कुत्रा बाद, हँडलर निलंबित. आठवडा संपायच्या आत मी खाली सही केली की विषय संपला.

मी म्हटलं, इतकी घाई असेल तर मला बोलावलंत कशाला. त्यावर ते हसले आणि बटाट्याच्या एकेक करामती सांगू लागले. एकदा नाटक कंपनीची गाडी आली, तर हा कपड्यांच्या पेट्यांपुढे बसला. राजाचे झगे, राक्षसाची लोकर, सगळं रस्त्यावर उपसलं, निघालं काही नाही. नाटकवाल्यांचा प्रयोग मात्र बुडाला. एकदा एक म्हातारं जोडपं मुलीकडे निघालेलं. त्यांच्या रजयांच्या ट्रंकेपुढे बसला. आजीबाईंनी खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. “आणि आज तुम्ही,” असं म्हणून ते पोट धरून हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू.

खरी धरपकड बटाट्याने एकही केली नव्हती. पण तेव्हा कुणी त्याचं नाक तपासलं नाही. उलट नाकाप्रमुखांनी वर कळवलं की कुत्र्याच्या धाकाने चोर इकडे फिरकतच नाहीत. साहेबांनी शाबासकीचं पत्र धाडलं, ते भिंतीवर चौकटीत लावलेलं होतं.

मी विचारलं की खालून दुसरा रस्ता आहे, तिथे कुत्रा नाही, नाका नाही. मग खवल्यांचा ट्रक मुद्दाम कुत्र्यासमोरून का जाईल? त्यांनी हिरव्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. कुत्र्याने पास केलेली गाडी पुढे बंदरापर्यंत कुणी थांबवत नाही. दुसऱ्या रस्त्याने गेलं तर पुढे चार ठिकाणी पोती उघडावी लागतात.

म्हणजे ज्याला ठाऊक आहे की हा कुत्रा खवल्यांना आंधळा आहे, त्याच्यासाठी हा नाका म्हणजे राजमार्ग. आणि हे ठाऊक असायला माणूस आतलाच हवा.

मी उठले तेव्हा नाकाप्रमुखांनी आवाज उतरवला. हँडलर कुणाचा भाचा आहे ते मला कळलंय का, असं विचारलं. खात्यातल्या सगळ्या कुत्र्यांची परीक्षा घेणारे मास्तर, त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. नोकरीही त्यांनीच लावून दिलेली.

३

हँडलर कुत्र्याच्या खोलीबाहेर ब्रश घेऊन बटाट्याचे केस विंचरत बसला होता. मी दहा हात लांब खुर्ची घेतली. तो म्हणाला की आठवड्यातून दोनदा सराव होतो. स्टोअरमधून नमुन्याची डबी येते, जाळीच्या झाकणाची, कुलूप लावलेली. ती उघडायची हँडलरला परवानगी नाही. डबी लपवायची, बटाट्याने शोधायची. एकदाही चुकला नाही. या नाक्यावर आला तेव्हा कोवळा होता, सगळं शिक्षण याच डब्यांवर झालं.

पेट्या आणि रजयांचं विचारलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. ते पाहून त्यालाही शंका आली होती, कुत्र्याची परीक्षा परत घ्या असं त्याने सांगितलंही होतं. कुणाला, असं मी विचारलं. तो ब्रशमधले केस काढू लागला. लेखी दिलं होतं का? नाही, तोंडी. नाकाप्रमुखांना? तो ब्रशमधले केस काढत राहिला. मला राग आला. माणूस अडचणीत सापडला की असं सांगितलं होतं, तसं सांगितलं होतं, हे मी हजारदा ऐकलंय.

मी उठताना तो म्हणाला, “मॅडम, माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. त्याला बाद लिहू नका.”

बाद कुत्रा खात्याच्या कोंडवाड्यात जातो. तिथून परत आलेला कुत्रा मी अजून पाहिलेला नाही, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

स्टोअरकीपर निवृत्तीला टेकलेला, टापटिपीचा माणूस. त्याने मला लोखंडी कपाट उघडून दाखवलं आणि मुलं दाखवावीत तशा कौतुकाने एकेक वस्तू दाखवली. जप्त केलेले खवले, कातडी, शिंगं. प्रत्येक कप्प्यात हातमोज्यांचा जोड, ओल शोषणाऱ्या पुड्या, पांढऱ्या गोळ्यांची पुरचुंडी, नंबर टाकलेली पिशवी. दुसऱ्या स्टोअरमध्ये कातड्यांची किडीने चाळण झाली, त्याच्याकडे एक भोक दाखवा म्हणाला. किल्ली त्याच्याच कमरेला. कपाटाला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. कुत्र्याचं त्याला काही देणंघेणं नव्हतं. डबी भरून द्यायची, परत घ्यायची, बस.

दुपारी मास्तर आले. पांढरी मिशी, इस्त्रीचे कपडे, मऊ बोलणं. त्यांना पाहून बटाट्या शेपूट हलवत धावला आणि हँडलर वाकून नमस्कार करून बाजूला उभा राहिला. मास्तरांनी मला नाकाप्रमुखांच्या खोलीत बसवून बटाट्याच्या परीक्षेचं चित्रण दाखवलं. ओळीने ठेवलेल्या डब्या, त्यातल्या एकीत नमुना, बाकीच्यांत फसव्या वस्तू. फसव्या वस्तू कशाला, हे त्यांनी मला शाळेत शिकवावं तसं समजावलं. कुत्रा मूळ वासाऐवजी भलताच वास शिकून बसू शकतो. म्हणून एका डबीत नुसता कोरा हातमोजा, एकीत रिकामी पिशवी, एकीत ओल शोषणारी पुडी, एकीत मांसाचा तुकडा. त्या कशापुढेही तो बसला नाही तरच पास. बटाट्या पहिल्या फटक्यात नमुन्यापुढे बसला होता.

नमुना कुठला वापरलात, असं मी सहज विचारलं. इथल्याच स्टोअरचा, ते म्हणाले. ती डबी ते बाहेरच मागवून घेतात. त्या खोलीत दोन मिनिटं उभं राहिलं तर डोळे चुरचुरतात. मग त्यांनी सुस्कारा सोडला. कुत्र्याचं नाक मध्येच केव्हातरी गेलं असणार. “पोराचा जीव आहे त्याच्यावर. तेच नडलं. बाद लिहा मॅडम, मी त्याला समजावीन.”

त्या खोलीत मी अर्धा तास उभी होते. माझे डोळे चुरचुरले होते खरे, पण कशाने, ते माझ्या नाकाने मला सांगितलं नव्हतं.

४

ड्रायव्हर खालच्या गावातल्या दवाखान्यात पाय टांगून पडला होता. पोत्यांत काय आहे ते माहीत नव्हतं, याच्यापलीकडे तो जाईना. पण त्याची तक्रार निराळीच होती. रात्रभर थंडीने काकडलो, म्हणाला. खुंटीला त्याचं जाकीट होतं, कोरं करकरीत, गळ्याशी दुकानाची पट्टी तशीच लोंबत होती. शर्ट नवा, टोपी नवी.

मी म्हटलं, लग्नाला निघाला होतास की काय. तो कुरकुरला. माल भरणाऱ्याने बजावलं होतं की अंगावर सगळं नवं घाल, घरचं पांघरूण गाडीत घेऊ नकोस. बायकोने हिवाळ्याची म्हणून ट्रंकेतली घोंगडी काढून दिली होती, तीही परत करायला लावली. कारण विचारलं तर फोनवरून तसं सांगणं आलंय, एवढंच उत्तर मिळालं.

पोतीच्या पोती खवले कुत्र्यासमोरून न्यायची या माणसांना भीती नाही. भीती कसली, तर ट्रंकेतल्या घोंगडीची. मी दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि घरी फोन लावला. मोठ्या जावेने उचलला. तिला विचारलं की जाऊबाई, हा स्वेटर कुठे ठेवलेला होता.

“ट्रंकेत, आणि कुठे? का गं, कसर लागली का? लागणार नाही. मूठभर डांबरगोळ्या टाकते मी दरवर्षी. किती तो वास, अंगात घालताना तुला कळला नाही?”

मला कुठला कळतोय. मी तिला सांगितलं की स्वेटर फार छान आहे.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मी तीन डब्या ठेवायला लावल्या. पहिलीत उलटलेल्या ट्रकमधले खवले, उघड्या हवेत राहिलेले. दुसरीत स्टोअरच्या कपाटातले खवले. तिसरीत खवले नाहीतच, नुसती एक डांबरगोळी. कुठल्या डबीत काय, ते हँडलरला सांगितलं नाही.

बटाट्या पहिल्या डबीवरून चालत गेला. थांबलासुद्धा नाही. दुसरीपुढे बसला, शाबासकी घेतली. मग तिसरीपुढे आला आणि पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसला होता तसाच ताठ बसला, नाक रोखून.

मी तिन्ही झाकणं उघडली. हँडलर कितीतरी वेळ त्या पांढऱ्या गोळीकडे बघत राहिला आणि मग कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून म्हणाला, “म्हणजे याचं नाक ठीक आहे.”

स्टोअरकीपर कमरेची किल्ली चाचपत राहिला. त्याच्या कामाच्या पहिल्या दिवसापासून गोळ्या तिथे होत्या. त्याला वाटलं, जिवापाड जपतोय. मला त्याची दया आली. बटाट्याला खवले कधी कुणी शिकवलेच नव्हते. त्याला डांबरगोळ्या शिकवल्या होत्या, आणि तो त्या इमानेइतबारे शोधत होता.

पण ही झाली चूक. चूक कुणी विकत नाही. विकायला ती आधी कुणाच्या तरी लक्षात यावी लागते. मी सगळ्यांना नाकाप्रमुखांच्या खोलीत बोलावलं.

६

मी उभी राहूनच बोलले. ट्रकवाल्यांना दोन गोष्टी ठाऊक होत्या. हा कुत्रा खवल्यांपुढे बसत नाही, ही एक. आणि कपड्यांच्या ट्रंकेपुढे बसतो, ही दुसरी. म्हणजे कुत्रा बिघडलाय एवढंच नव्हे, तो कशाने बिघडलाय हेही फोन करणाऱ्याला माहीत होतं.

स्टोअरकीपरला ते माहीत असतं तर त्याने आपण होऊन पुरचुंड्या माझ्या नाकासमोर धरल्या नसत्या. नाकाप्रमुखांना माहीत असतं तर त्यांनी ट्रंकांचे किस्से मला हसत सांगितले नसते. ते लपवले असते. हँडलरला कपाट उघडताच येत नाही, आणि त्याला कुत्र्याची परीक्षा परत हवी होती, हे सकाळी गोळीकडे बघतानाचा त्याचा चेहरा पाहून मला पटलं. आंधळं नाक विकणारा माणूस ते तपासून घ्या म्हणत नाही.

“राहिलात तुम्ही, मास्तर. तुमच्या परीक्षेत कोरा हातमोजा होता, रिकामी पिशवी होती, ओल शोषणारी पुडीसुद्धा होती. त्या कपाटातली प्रत्येक वस्तू तुम्ही एकेका डबीत ठेवलीत. ज्या वासाने तुमचे डोळे चुरचुरतात, ती गोळी तेवढी ठेवली नाहीत.”

मास्तर शांत होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं की त्यांनी नेमकं केलं काय. गोळ्या त्यांनी ठेवल्या नाहीत, कुत्र्याला त्यांनी शिकवलं नाही. एक डबी ठेवायची राहिली. वयाने माणूस विसरतो.

खरं सांगायचं तर इथे मी अडकले होते. विसरलो म्हणणाऱ्याला कागदावर शिक्षा होत नाही. ते त्यांना माझ्याइतकंच पक्कं ठाऊक होतं. त्यांनी समजुतीच्या सुरात पुढचंही सांगितलं. कुत्रा बाद लिहावा, ट्रकचा दोष कुत्र्यावर जाईल, कुणाच्या पोटावर पाय येणार नाही. भाच्याला ते दुसऱ्या नाक्यावर नेतील, नवा कुत्रा देतील. घरातली गोष्ट घरात राहील. नाकाप्रमुखांची मान आपोआप डोलू लागली.

मी हँडलरकडे वळले. त्याला पुन्हा तोच प्रश्न विचारला, परीक्षा परत घ्या असं कुणाला सांगितलं होतंस.

तो भिंतीला टेकून उभा होता. मास्तर त्याच्याकडे बघत होते, अगदी मायेने. त्याने नजर खाली वळवली. मला वाटलं, गेलं हातचं.

“मामांना,” तो म्हणाला. “नाटकवाल्यांच्या वेळी सांगितलं, त्या आजींच्या वेळीही सांगितलं. मामा, हा कापडाच्या पेट्यांपुढे बसतोय, बाहेरचा नमुना आणून एकदा बघा. मामा म्हणाले, हे कुणाजवळ बोललास तर कुत्रा जाईल तुझा.”

“अरे, तुझ्या भल्यासाठीच बोललो मी,” मास्तर म्हणाले. “बाप नव्हता तुला. कुणी वाढवलं?”

“तुम्ही वाढवलंत. साखळी धरायलाही तुम्हीच शिकवलंत. कुत्रा बसला की हात वर करायचा, गाडी कुणाची आहे ते बघायचं नाही, हे तुमचंच सांगणं ना?” तो भिंत सोडून पुढे आला. “काल तुम्ही इथे बसून मॅडमना बाद लिहा म्हणालात. मी दाराबाहेर होतो, मामा. तुम्हाला माहीत होतं त्याचं नाक ठीक आहे.”

मास्तर उठून खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. 

हँडलरने जबाब स्वतःच्या हाताने लिहून दिला. त्यात मास्तर कुठे लिहिलं नाही, सगळीकडे मामा असंच लिहिलं, आणि मी ते बदलायला लावलं नाही. माल भरणारा संध्याकाळपर्यंत सापडला. त्याच्या फोनमध्ये मास्तरांचा नंबर होता. मी नाकाप्रमुखांचा टाइप केलेला अहवाल फाडला आणि नवा लिहिला. कुत्रा योग्य, नवीन नमुन्यांवर पहिल्यापासून शिकवावा, हँडलर तोच ठेवावा. स्टोअरकीपरला ताकीद दिली, तीही मला जड गेली.

मास्तरांना गाडीत बसवून नेलं तेव्हा हँडलर अंगणात आला नाही. मी निघताना जीपपाशी आला आणि एक दिवसाची रजा मागितली. आईला सांगायला घरी जायचं होतं. मास्तर तिचा धाकटा, एकुलता भाऊ. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, तुला जमणार नसेल तर मी येते बरोबर, मी सांगेन.

“नको मॅडम,” तो म्हणाला. “मी दारात गेलो की पहिल्यांदा ती मामा जेवला का विचारते. तेवढ्याचं उत्तर मलाच द्यावं लागेल.”